साध्या गोळ्याच्या अंगाला भोकं नसतात

माधव,

परवा ॲलन व्हॅन घेऊन आला आणि तुझं सगळं लोखंड घेऊन गेला. ईशा लंडनहून आली होती. "बाबाचा सगळा सामान मी उचलते, तू बस," म्हणाली. तू असतास तर 'सगळा नाही, सगळं' म्हणून तिला तिथंच अडवलं असतंस, आणि ती चिडून इंग्लिशवर गेली असती. मी बसले. तिचं मराठी दुरुस्त करायची हौस मला कधीच नव्हती, ती तुझी.

ॲलन तसाच आहे. सैन्यात न फुटलेले बॉम्ब निकामी करण्यात ज्याची सारी नोकरी सरली, तो माणूस तुझी एकेक रिकामी, निरुपद्रवी वस्तू जुन्या टॉवेलात गुंडाळत होता, आणि तरी त्याचा हात इतका हलका होता की मला बघत राहावंसं वाटलं. दर प्रदर्शनात तुम्ही दोघं एकाच टेबलावर वाकलेले असायचात, ते आठवलं. सगळं भरून झाल्यावर त्यानं हबीबचा लोखंडाचा तुकडा उचलला. तो आपला नाही, द्यायचा नाही, असं मी सांगितलं. "नेत नाही, नुसता बघतो," म्हणाला. बघितल्यावर तो जे बोलला, ते मला तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगून काही होणार नाही. तुला सांगूनही नाही.

मला तुझा हा छंद कधी आवडला नाही, हे काही गुपित नाही. इथं ग्लासगोत आल्यावर आपल्यातले बाकीचे डॉक्टर गोल्फ शिकले, कुणी गणपतीत नाटकं बसवायला लागले. तू शनिवारी सकाळी उठून कुठल्यातरी गावच्या हॉलमध्ये जायचास आणि बॉम्बची गंजलेली शेपटी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचास. खडकीला तुझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यांनी आणलेल्या पितळी टरफलात तुझी आई उदबत्त्या ठेवायची, तिथून हे सुरू झालं एवढंच तू सांगायचास. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणालास, "दिवसभर एक्स-रेवर सावल्याच बघतो गं. एखादी वस्तू हातात धरून बघावीशी वाटते." ते मला पटलं होतं. पण मग बॉम्बच का, हे विचारायचं राहिलं, ते राहिलंच.

मी भाजी निवडत बसले की तू समोर येऊन शिकवायचास. उखळी तोफेचा गोळा म्हणजे वर भिरकावलेला दगड. तोफ आभाळाकडे तोंड करून तो उडवते, आणि तो पडायचा तिथं पडतो. पण रशियनांनी त्यांच्या सगळ्यांत मोठ्या उखळी तोफेसाठी, जिचा गोळा माणसापेक्षा जड असतो, एक निराळा गोळा काढला होता. त्याच्या नाकात काचेचा डोळा. समोरच्या डोंगरावर एकजण लेझरचं यंत्र घेऊन बसतो आणि जे घर उडवायचं त्यावर न दिसणारा ठिपका धरून ठेवतो. खाली येणाऱ्या गोळ्याला तो ठिपका दिसतो आणि तो तिकडे वळतो. वळायला त्याच्या कुशीत बारीक बारीक रॉकेटं असतात, आणि त्या रॉकेटांच्या तोंडाची भोकं गोळ्याच्या अंगावर, गोल ओळीनं.

"साध्या गोळ्याच्या अंगाला भोकं नसतात," तू म्हणायचास. रंग जळतो, आकडे पुसले जातात, शेपटी तुटून कुठं जाते सापडत नाही. भोकं मात्र ओळखू येतात. असा गोळा अफगाणिस्तानात वापरला गेला हे तुम्ही सगळे ऐकून होतात. त्याचा तुकडा तुमच्यातल्या कुणाकडेच नव्हता. फोटो तेवढे होते, आणि ते तू मला इतके दाखवले होतेस की तो गोळा मलाही रस्त्यात ओळखता आला असता.

मग हबीब. आपल्या कोपऱ्यावरचा तो कपडे आल्टर करणारा शिंपी, सगळ्या ग्लासगोत माझे ब्लाउज धड उसवून परत शिवू शकणारा एकटा माणूस. पेशावरच्या छावणीत वर्षं काढल्यामुळे हिंदी बोलायचा. तू पँट आणायला गेलास तेव्हा काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेपटी होती. ती त्यानं कागदातूनच ओळखली. आमच्या शेतात अशा पडलेल्या असायच्या, म्हणाला. त्या दिवशी तू पँट दुकानातच विसरून आलास आणि त्याची गोष्ट घेऊन आलास.

पंजशीरच्या बाजूचं त्याचं गाव. सकाळी तो गहू घेऊन ओढ्यावरच्या पाणचक्कीवर गेला होता. परत आला तेव्हा घर नव्हतं. बायको, दोन मुली, वडील. आजूबाजूची घरं उभी होती, फक्त त्याचं गेलं होतं. ढिगाऱ्यातून त्यानं तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा उचलला आणि फडक्यात बांधून घेतला, कारण उचलण्यासारखं दुसरं काही राहिलं नव्हतं. तो तुकडा पेशावरला गेला आणि तिथून इथं आला.

पुढे त्यानं हे मलाही सांगितलं, माझ्या ब्लाउजला हुक लावता लावता. शेवटी म्हणाला, "ऊपर से आया, बहनजी. ऊपरवाले को मालूम." आणि दातानं दोरा तोडला. त्या एका वाक्यावर तो माणूस जगत होता, हे मला तेव्हाच कळलं. तुलाही कळलं असेल. तू इतका ठोंब्या नव्हतास.

एका रविवारी तो तुकडा घेऊन आपल्या घरी आला. फडकं सोडलं. तुकड्याला भोकं होती.

त्यानंतर आपल्या डायनिंग टेबलावर जेवणं झाली नाहीत. तू कडेला गोलाई कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्या त्या तुकड्याला लावून बघत होतास, केवढ्या गोळ्याचा असेल म्हणून. काठाला आट्यांचा थोडासा भाग शिल्लक होता, तो भिंगाखाली मोजत होतास. लेथवर कातल्याच्या खुणा, भोकांमधलं अंतर. फोटो काढून कुणाकुणाला पाठवत होतास. ॲलन तेव्हा बायकोच्या आजारपणात गुंतला होता, त्याला तू दाखवला नाहीस. हे मला आता आठवतं.

मग एका सकाळी तू किचनमध्ये आलास. मी माझ्या दवाखान्याला निघायच्या घाईत होते. "सुनंदा, तोच आहे," म्हणालास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. ईशा झाली त्या दिवशी तू असा दिसला होतास. मला तुझ्यासाठी आनंद व्हायला हवा होता, आणि एक क्षणभर झालाही. मग हबीब आठवला.

मी म्हटलं, त्याला सांगू नकोस.

"तो विचारतोय. काय सांगू?"

"कळत नाही म्हणून सांग."

"पण मला कळतंय," तू म्हणालास.

मी तुला सोपं करून सांगितलं, तू जणू लहान मूल असल्यासारखं. साधा गोळा असेल तर ते नशीब. लेझरचा असेल तर समोरच्या डोंगरावर कुणीतरी बसून त्याच्या घराकडे बघत होतं, ठिपका धरून, त्याच्या मुली आत असताना. तू त्याच्याकडून देव काढून घेणार आहेस आणि बदल्यात माणूस देणार आहेस. तू म्हणालास, त्याचं आहे ते त्याला कळायला नको का? आपण कोण ठरवणारे?

आणि खरं सांगायचं तर याच तुझ्या स्वभावानं मला एकदा तारलं होतं. माझ्या छातीत गाठ लागली तेव्हा सगळेजण माझ्याशी आवाज खाली आणून बोलत होते. तू सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवलास आणि जे दिसलं ते सांगितलंस, किती आहे, कुठवर आहे, काय करायचं. एक शब्द मऊ केला नाहीस. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोपले. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. नवऱ्याचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. आता मानते.

हबीबला तू आपल्या टेबलाशी बसवून सांगितलंस. सगळं सांगितलंस, डोळा, ठिपका, भोकं, कागदावर चित्र काढून. तो मान डोलवत ऐकत होता. त्यानं एकच विचारलं, "तो कोई देख रहा था?"

तू हो म्हणालास.

तो उठला. तुकडा त्यानं परत नेला नाही. आता घरात नको, तुमच्याकडेच ठेवा, म्हणाला.

झाहिरबद्दल आपल्याला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, हे मी तुझ्या बाजूनं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. हबीबचा धाकटा भाऊ मँचेस्टरला एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे, दर ईदला हबीब त्याच्याकडे जातो, एवढंच ठाऊक होतं. त्या काळात झाहिरला बाजारातून उचलून रशियनांच्या बाजूच्या सरकारी सैन्यात घातलं होतं आणि त्याची चौकी गावासमोरच्याच डोंगरावर होती, हे नंतर कळलं. हबीबनं ते त्याला कधीच माफ केलं होतं. पोरांना धरून नेत होते, त्यात त्याचा काय दोष, असं तो म्हणायचा. पण आता कुणीतरी बघत होतं. हबीबनं भावाला विचारलं नाही. बघणारा तोच होता असं ठरवून टाकलं.

त्या उन्हाळ्यात झाहिर ट्रेननं आपल्या घरी आला. सोफ्याच्या कडेवर बसला, चहाला हात लावला नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तो चौकीवर पाणी वाहायचा आणि बटाटे सोलायचा. असलं यंत्र त्यानं कधी पाहिलं नाही. असतं हेही त्याला भावाच्या शिव्यांतून कळलं. डॉक्टरसाहेब, तुम्ही त्याला फक्त म्हणा, की माझी चूक होऊ शकते.

तू म्हणालास, मी लोखंड कुठलं ते सांगितलं. कोण होतं ते मी सांगितलेलं नाही.

झाहिर म्हणाला, "साहब, लोहा बताने के बाद 'कौन' ही तो बचता है."

तू खाली बघितलंस. पण ते एक वाक्य तू बोलला नाहीस. तो गेल्यावर आपलं भांडण झालं, आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट. 'चूक होऊ शकते' म्हणायला तुझं काय जात होतं, मी विचारलं. जे दिसलं त्याच्या उलट मी आजवर कधी लिहिलं नाही, तू म्हणालास. मी म्हटलं, उलट लिही असं कोण म्हणतंय? 'खात्रीनं सांगता येत नाही' हे वाक्य तू रोज लिहायचास. दर दुसऱ्या रिपोर्टच्या खाली असायचं. पेशंटच्या फुप्फुसाला द्यायचास तेवढी शंका त्या माणसाला का देत नाहीस?

तू उठलास. गॅरेजमध्ये गेलास. संध्याकाळी आपण फरसबीच्या भाजीबद्दल बोललो, दुसऱ्या दिवशी ईशाच्या मॉर्गेजबद्दल. ते भांडण तिथंच पडून राहिलं. मला वाटत होतं, पुरेसा वेळ आहे.

जानेवारीत त्या सकाळी तू गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला बाहेर गेलास. इंजिन चालू होतं. शेजारणीनं बेल वाजवली. मी घरापुढच्या ड्राइव्हवेवर गुडघे टेकून तुझी छाती दाबत राहिले, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघताक्षणीच मला डॉक्टर म्हणून कळलं होतं की याचा उपयोग नाही. बायको म्हणून दाबत राहिले. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

क्रिमेटोरियममध्ये हबीब शेवटच्या रांगेत होता. इस्त्रीचा कोट, हात पुढे बांधलेले. सगळे गेल्यावर मला म्हणाला, साहेब खरं बोलणारे होते.

आता ॲलननं काय सांगितलं ते ऐक.

त्यानं तुकडा खिडकीशी नेला आणि माझ्याकडे सरळ पट्टी मागितली. तुझी स्टीलची पट्टी टेबलावरच होती. ती तुकड्यावर आडवी ठेवून त्यानं मला दाखवली, मग उभी, मग तिरकी. नळीचा तुकडा असेल, तो म्हणाला, तर तो एकाच दिशेनं वाकलेला असतो. नळीच्या लांबीच्या बाजूनं पट्टी सपाट बसते. ही कुठेच बसत नव्हती. कशीही ठेवा, डुलत होती. हा तुकडा बशीसारखा आहे, म्हणाला. म्हणजे मुळात ही सपाट चकती, स्फोटानं फुगलेली. रॉकेटच्या बुडाला असते तशी. जाळ बाहेर पडायची भोकंही त्यानं पेन्सिल घालून दाखवली, सगळी एकाच बाजूला कललेली. रॉकेट स्वतःभोवती फिरावं म्हणून ती तशीच पाडतात.

मी विचारलं, कुठलं रॉकेट? साधं, स्वस्तातलं, तो म्हणाला. दोन्ही बाजूंकडे असायचं. दोन दगडांवर टेकवून, अंदाजानं तोंड करून सोडून द्यायचे. शत्रूच्या चौकीवर सोडलेलं अलीकडच्या गावात पडायचं. कुणाचं होतं ते कुणालाच सांगता येणार नाही.

"नक्की?" मी विचारलं.

पैज लावणार नाही, तो म्हणाला. पण माझ्या टेबलावर असतं तर मी त्याला रॉकेट म्हणालो असतो. मग माझं तोंड बघून म्हणाला, माधव माझ्यापेक्षा हुशार होता, पण त्याला तो लेझरवाला गोळा फार हवा होता. आम्हाला सगळ्यांनाच हवा होता.

माधव, ती पट्टी कायम तुझ्या खिशात असायची. तू ती ठेवून बघितली नसशील हे मला पटत नाही. बघितलीस आणि स्फोटानं नळी वेडीवाकडी झाली असं स्वतःला समजावलंस? की खरंच दिसलं नाही? सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे आहे तेच बघायचं हीच तुझी नोकरी होती. मला तुझ्यावर इतका राग येतो की मी तुझ्या रिकाम्या शेल्फांसमोर उभी राहून मोठ्यानं बोलते. मग रडू येतं, आणि तेही रागासारखंच येतं.

कोणी बघत नव्हतं रे. त्या डोंगरावर ठिपका धरून बसलेलं कोणी नव्हतं. निदान झाहिर तरी नव्हता.

काल दुपारी मी तुकडा पर्समध्ये घालून हबीबच्या दुकानात गेले. बोलायचं ते ठरवून गेले होते. आधी झाहिरची चौकशी करायची, मग हळूहळू ॲलनवर यायचं. त्यानं गिऱ्हाइकासाठी ठेवलेली खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली. मी विचारलं, झाहिर कसा आहे?

त्यानं मशीन थांबवलं. तो नोव्हेंबरमध्येच गेला, म्हणाला. लिव्हरचा कॅन्सर, मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये. त्याची बायको फोन करत होती, तो तुमचं नाव घेतोय, एकदा या. हबीब गेला नाही. दफनालाही गेला नाही.

"डॉक्टरसाब न होते तो मैं जाता, बहनजी," हबीब म्हणाला. "उसके लिए रोता भी. एहसान है उनका."

मी पर्सवर हात ठेवून बसले होते. ते खरं आहे हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, तो खरोखर तुझे उपकार मानत होता. आता मी तो तुकडा काढून काउंटरवर ठेवला असता आणि पट्टी लावून दाखवली असती, तर मी त्याला काय दिलं असतं? हाक मारत मेलेला भाऊ. तोच परत.

काही काम होतं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ब्लाउज सगळे ढिले झालेत. ते खोटं नव्हतं. तो टेप घेऊन पुढे आला. मी हात बाजूला धरून उभी राहिले. माप घेताना म्हणाला, फार वाळलात. मग त्याच आवाजात पुढे म्हणाला, झाहिरचं ऐकून डॉक्टरसाहेबांचंही तोंड असंच उतरलं होतं. डिसेंबरमध्ये आले होते, याच खुर्चीवर बसले. मी चहा दिला. काहीतरी बोलायला आले होते असं वाटलं. कितीतरी वेळ बसले. चहा तसाच राहिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कुछ नहीं," हबीब म्हणाला. "उठके चले गए."

डिसेंबरमध्ये तू एक दिवस घरी येऊन कोट न काढता जिन्यावर बसला होतास. मी विचारलं तर दमलोय म्हणालास. मी तुला गरम पाणी आणून दिलं.

परवापासून मी धरून चालले होते की तू असतास तर सांगितलं असतंस. कुणाचं काहीही होवो, तू काउंटरपाशी उभा राहून 'माझी चूक झाली' असं सांगितलं असतंस. यावरूनच तर मी तुझ्याशी भांडत होते. तूही सांगितलं नाहीस, माधव. हबीबला नाही, आणि मलाही नाही.